आइल रॉयल: लांडगे, मूस आणि पोचायलाच अवघड असलेलं राष्ट्रीय उद्यान

साळुंकी

विपूमध्ये (विचारपुशीत) बऱ्याच जणांनी आइल रॉयलबद्दल विचारलं. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा धागाच काढते. जाऊन आलेल्यांनी भर घाला.

आधी भूगोल. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सुपीरियर सरोवराच्या वायव्य भागात हे बेट आहे, साधारण ७२ किलोमीटर लांब आणि १४ रुंद. भोवती चारशेच्या वर लहानमोठी बेटं आहेत. राज्य मिशिगन, पण जवळचा किनारा मिनेसोटा आणि कॅनडाचा. सरोवराचा नकाशा लांडग्याच्या डोक्यासारखा दिसतो आणि हे बेट नेमकं त्याच्या डोळ्याच्या जागी येतं. हा निव्वळ योगायोग आहे, पण एकदा दिसला की नकाशात दुसरं काही दिसत नाही.

१९३१ मध्ये मंजुरी मिळाली आणि १९४० मध्ये उद्यान स्थापन झालं. १९७६ पासून जवळजवळ सगळी जमीन कायद्याने संरक्षित अरण्य आहे. बेटावर मोटारी नाहीत. दोन टोकांना दोन वस्त्या: ईशान्येला रॉक हार्बर, नैर्ऋत्येला विंडिगो. रॉक हार्बरला लॉज आहे, विंडिगोला अगदी साध्या दोन केबिन. बाकी सगळा मामला तंबूचा. तळांवर काही ठिकाणी लाकडी निवारे आहेत, तीन बाजूंना भिंती आणि चौथीला डासांची जाळी. ते राखून ठेवता येत नाहीत, जो आधी पोचेल त्याचे. एकूण पायवाटा अडीचशे किलोमीटरच्या वर. बेटाच्या कण्यावरून जाणारी ग्रीनस्टोन रिज ही सगळ्यात प्रसिद्ध, सुमारे ६५ किलोमीटर.

१ नोव्हेंबर ते १५ एप्रिल उद्यान पूर्ण बंद. हिवाळ्यात असं संपूर्ण बंद होणारं अमेरिकेतलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान. वर्षाला पंचवीस-तीस हजार लोक येतात. यलोस्टोनला जुलैत एका दिवसात तेवढे येतात! गंमत म्हणजे एकदा आलेला माणूस इथे इतर उद्यानांपेक्षा कितीतरी जास्त दिवस राहतो. साहजिक आहे, बोट लगेच परत थोडीच मिळते.

जायचे मार्ग:
मिशिगनमधल्या हॉटनहून ‘रेंजर ३’. हे उद्यानाचं स्वतःचं जहाज, १९५८ चं, साधारण सहा तास घेतं.
कॉपर हार्बरहून खासगी बोट, साडेतीन-चार तास.
मिनेसोटातल्या ग्रँड पोर्टेजहून विंडिगो, दोन तासांच्या आसपास. आम्ही मिनिआपोलिसवाले इथूनच जातो.
पाण्यावर उतरणारं विमानही आहे. झटपट, पण महाग, आणि धुकं पडलं की जागेवर.

धुक्यावरून सांगते, परतीच्या बोटीला लागून घरचं विमान ठेवू नका. सुपीरियरला तुमच्या सोमवारच्या मीटिंगशी काही देणंघेणं नाही.

फी माणशी दिवसाला सात डॉलर. वार्षिक पास असेल तर तो चालतो.

तांबडीमाती

वा! वाटच बघत होते. आम्ही चौघं (मुलं ९ आणि १२) आणि भारतातून येणारे सासू-सासरे. जमेल का? आणि लांडगे दिसतात का? मुलांनी तेवढंच डोक्यात घेतलंय.

पुणेरी_पगडी

माझा बालबुद्धीचा प्रश्न. सहा तास बोट, मग पाठीवर घर घेऊन चालायचं, वर डास. एवढं करून लांडगा दिसेल याची खात्री नाही. मग ताडोबा काय वाईट? जिप्सीत बसा, वाघ बघा, संध्याकाळी रिसॉर्टवर मिसळ खा.

रानभूल

पगडी, ताडोबाला जायला कोण नको म्हणतंय? पण तिथे वाघाच्या वाढदिवसाला आल्यासारख्या वीस जिप्स्या एकामागे एक लागतात, ते सुख इथे मिळणार नाही. :)

तांबडीमाती, लांडगे बहुतेक वेळा दिसत नाहीत. पाऊलखुणा दिसतात, वाटेवर केसांनी भरलेली विष्ठा दिसते, नशीब असेल तर रात्री आरोळी ऐकू येते. मूस (सांबरासारखं पण कितीतरी मोठं जनावर) मात्र बरेच जणांना दिसतं. सकाळी लवकर आणि संध्याकाळी, तळ्याच्या कडेला पाणवनस्पती खात गुडघाभर पाण्यात उभं असतं. मोठा नर साडेचारशे किलोच्या पुढे जातो. मादी पिल्लासोबत असेल तर भरपूर लांब राहा. मूस शांत दिसतं म्हणून लोक फसतात.

अस्वलं मुळीच नाहीत. हरणं, रॅकून, साळिंदर हेही नाहीत. समोरच्या किनाऱ्यावर सस्तन प्राण्यांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत, बेटावर वीसच्या आत. पोहत, उडत किंवा बर्फावरून चालत जो पोचला तो इथला रहिवासी झाला. आणि कोल्ह्यांपासून सावध! बूट बाहेर ठेवून झोपलात तर सकाळी एकाच पायाने ट्रेक करावा लागेल. थट्टा नाही, तळांवरचे कोल्हे खरंच बूट पळवतात.

साळुंकी

तांबडीमाती, सासू-सासऱ्यांसाठी रॉक हार्बर लॉजच बरं. तिथून स्कोव्हिल पॉइंटपर्यंतची वाट सुरेख आहे, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जंगल. खडकाळ आहे, काठ्या असू द्या. बोटीने १८५५ चं रॉक हार्बर दीपगृह आणि शेजारचं एडिसन कुटुंबाचं जुनं मासेमारी ठाणं बघता येतं. मुलांना त्यात जास्त मजा येईल.

ग्रँड पोर्टेजहून गेलात तर विंडिगोच्या तोंडाशी ‘अमेरिका’ नावाच्या बोटीचे अवशेष आहेत. १९२८ ला खडकावर आपटून बुडाली. तिचं नाक पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही फुटांवरच आहे, सरोवर इतकं नितळ की बोटीतून वाकून दिसतं. माणसं सगळी वाचली. मागच्या बाजूला बांधलेला एक कुत्रा तेवढा गेला.

नाखवा_मालवण

लेख झकास. पण एक विचारतंय. मासेमारी ठाणं ‘बघता येतं’ म्हणजे थंयल्या मच्छीमारांचा काय झाला? आमच्याकडे १९८७ साली मालवणचा सागरी अभयारण्य जाहीर झाला, जेमतेम २९ चौरस किलोमीटर. पण जाळी टाकणाऱ्या माणसाक विचारल्याशिवाय नकाशार रेघ मारली की काय होता, ता आम्ही आजून बघतोव. म्हणान हा ‘माणूस नसलेला बेट’ वाचला की माझो कान टवकारता.

साळुंकी

नाखवा, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत.

बेट रिकामं कधीच नव्हतं. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक याला मिनाँग म्हणतात. साडेचार हजार वर्षांपूर्वीपासून लोक इथे शुद्ध तांबं खणत होते, ते खड्डे अजून दिसतात. १८४० च्या दशकापासून गोऱ्या कंपन्या आल्या. खडक उघडा पडावा म्हणून त्यांनी जंगलं जाळली, तोटा झाला आणि शतक संपायच्या आत निघून गेल्या. मग नॉर्वेजियन आणि स्वीडिश मच्छीमार कुटुंबं आली. उन्हाळाभर बेटावर, हिवाळ्यात किनाऱ्यावर.

१९२० च्या दशकात ‘डेट्रॉइट न्यूज’चा पत्रकार आल्बर्ट स्टॉल याने बेट वाचवा म्हणून मोहीम चालवली. लाकूडतोड कंपन्यांचा डोळा होता, त्यामुळे मोहीम गरजेचीच होती. १९३६ मध्ये तोडीच्या भागात लागलेल्या आगीत बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा जळला. पण उद्यान झालं तेव्हा मच्छीमारांच्या आणि उन्हाळी घरांच्या जमिनी घेतल्या गेल्या. काहींना ‘हयात असेपर्यंत राहा’ असे करार मिळाले. माणूस गेला की घर उद्यानाचं. वारसांना आजही त्याचं दुःख आहे. ठाणं नीट जतन केलंय, मार्गदर्शक छान माहिती सांगतात, फक्त जाळं विणणारा माणूस तिथला नाही.

ओजिब्वेंच्या बाजूने मात्र अलीकडे थोडं बदललंय. २०१९ मध्ये संपूर्ण मिनाँगची नोंद पारंपरिक सांस्कृतिक स्थळ म्हणून राष्ट्रीय यादीत झाली. लांडगे परत आणायच्या कामात ग्रँड पोर्टेजचे ओजिब्वे भागीदार होते, पहिले लांडगे त्यांच्याच राखीव भूमीतून पकडले.

शून्यप्रहर

आता बेटावर लांडगे बाहेरून आणावेत का, या मूळ वादाकडे येतो. लांडगे ‘परत आणले’ हा शब्दप्रयोग सगळे बिनदिक्कत वापरतात. कुठून परत?

बेटावर मूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं, पोहत की माणसांनी आणलं यावरही एकमत नाही. लांडगे त्यानंतर, १९४० च्या दशकाच्या शेवटी, गोठलेल्या सरोवरावरून चालत आले. त्याआधी इथे कॅरिबू (रेनडिअर) आणि लिंक्स (एक रानमांजर) होते. म्हणजे हा ‘प्राचीन समतोल’ माझ्या आजोबांपेक्षा लहान आहे! २०१६ पर्यंत दोनच लांडगे उरले. २०१८ मध्ये उद्यान सेवेने ठरवलं की वीस ते तीस नवे लांडगे आणायचे. सापळे, हेलिकॉप्टर, गळ्यात पट्टे. कायद्याने ज्या जमिनीवर माणसाने लुडबुड करायची नाही, तिथेच ही सगळ्यात मोठी लुडबुड. बेटांवर जाती येतात आणि संपतात. हीच तर बेटांची रीत आहे. बघवत नाही म्हणून हात घालायचा, याला संरक्षण म्हणायचं की बागकाम?

पशुवैद्य

शून्यप्रहर, युक्तिवाद चोख आहे, पण लांडगे दोनावर का आले ते सांगितलं नाहीत.

१९८० मध्ये बेटावर ५० लांडगे होते, आजवरचा उच्चांक. १९८२ मध्ये १४. मधल्या दोन वर्षांत पार्व्होव्हायरस. हा कुत्र्यांचा रोग, तेव्हा जगभर नुकताच पसरला होता. उद्यानात कुत्र्यांना तेव्हाही बंदीच होती. तरी कुणीतरी कुत्रा आणलाच असणार, किंवा बुटांच्या तळव्यांतून विषाणू आला असेल. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, माझ्या दवाखान्यात रोजचा अनुभव आहे.

त्यानंतर कळप सावरलाच नाही. संख्या कमी, नात्यातच वीण, मणक्याची हाडं जन्मतःच वेडीवाकडी. १९९७ मध्ये कॅनडाच्या बाजूने एक नर बर्फावरून चालत आला. संशोधक त्याला ‘ओल्ड ग्रे गाय’ म्हणत. त्याच्या नव्या रक्ताने काही वर्षं कळप तरारला. पण तो इतका यशस्वी ठरला की थोड्याच पिढ्यांत जवळपास सगळे त्याचेच वंशज झाले, आणि गाडी पुन्हा तिथेच. शेवटचे दोघे उरले ते बाप आणि मुलगी, वर एकाच आईची पोरं म्हणून सावत्र भावंडंही. त्यांच्यापासून कळप वाढणार नव्हता.

अजून एक. २०१२ च्या सुमारास तीन लांडगे मेलेले सापडले. कुठे? एकोणिसाव्या शतकातल्या तांब्याच्या खाणीच्या पाणी भरलेल्या खड्ड्यात बुडून. साळुंकींनी वर लिहिलेल्या त्याच कंपन्या.

साळुंकी

+१ पशुवैद्य.

शून्यप्रहर, तुमचा मुद्दा मला पूर्वी पटायचा. बर्फाचं गणित वाचल्यावर पटेनासा झाला. १९६० च्या दशकात बहुतेक हिवाळ्यांत बेट आणि कॅनडा यांच्यात बर्फाचा पूल तयार व्हायचा. आता क्वचित होतो. पूल असता तर एखादा ‘ग्रे गाय’ अधूनमधून आला असता, कुणाला हेलिकॉप्टर लागलं नसतं. सरोवर तापवलं कुणी? मग ‘आम्ही हात लावत नाही’ म्हणणं म्हणजे पूल तोडून पाहुण्यांची वाट बघणं झालं.

मूसचं काय झालं तेही बघा. लांडगे नाममात्र उरले तेव्हा मूस वाढत वाढत २०१९ च्या मोजणीत दोन हजारांवर गेले. हिवाळ्यात त्यांचं मुख्य खाणं बाल्सम फर. बेटाच्या पश्चिम भागात या झाडाची रोपं गुडघ्याच्या वर येईनात, वाढली की खाल्ली. जुनी झाडं मरत होती आणि खालून नवी येत नव्हती.

शून्यप्रहर

तापमानाचा मुद्दा मान्य. पण त्याच न्यायाने दर दशकाला नवे लांडगे आणावे लागतील, कारण पूल परत येणार नाही. ते कायमचं सलाईन झालं. आणि मिशिपिकोटनचं काय ते कुणी सांगत नाही.

रानभूल

मी सांगते, तो भाग मला सगळ्यात चक्रावणारा वाटतो.

मिशिपिकोटन हे याच सरोवराच्या कॅनडाच्या बाजूचं बेट. तिथे शेकडो कॅरिबू होते, लांडगे नव्हते. २०१४ च्या कडक हिवाळ्यात बर्फावरून काही लांडगे पोचले. कॅरिबूंना पळायला जागा नाही. काही वर्षांत कळप संपत आला, तेव्हा २०१८ च्या सुरुवातीला उरलेल्या मूठभर कॅरिबूंना हेलिकॉप्टरने दुसऱ्या बेटांवर हलवावं लागलं. आता लांडग्यांना खायला काही उरलं नाही, ते उपाशी. २०१९ मध्ये त्यांनाच उचलून आइल रॉयलला आणलं, जिथे मूस उदंड.

एकाच सरोवरात एका बेटावर लांडगा खलनायक, दुसऱ्यावर तारणहार. जनावर तेच. एकूण १९ लांडगे आणले. त्यातली मिनेसोटाची एक मादी मात्र जानेवारी २०१९ च्या अखेरीस बर्फ धरल्याबरोबर चालत परत घरी गेली. तिला कुणी विचारलं नव्हतं ना!

पुणेरी_पगडी

त्या मादीला माझा सलाम. सुपीरियर ओलांडून माहेरी जाणारी पहिलीच असेल.

अ_निवासी

वाचनखूण साठवली. निकाल काय लागला मग?

रानभूल

लांडगे मार्गी लागले. पिल्लं झाली, कळप बनले. २०२४ च्या अहवालात साधारण ३० लांडगे आणि ८४० मूस. म्हणजे पाच वर्षांत मूस निम्म्याहून कमी. सगळं श्रेय लांडग्यांचं नाही, उपासमार आणि हिवाळी गोचीड यांनीही मूस मारले. एकेका मूसच्या अंगावर हजारोंनी गोचीड असतात, ते खाजवून खाजवून केस घालवतं आणि थंडीत उघडं पडतं.

हे आकडे येतात त्या अभ्यासाबद्दल लिहायलाच हवं. १९५८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या डरवर्ड ॲलन यांनी सुरू केला. शिकारी-शिकार संबंधांचा जगातला सगळ्यात दीर्घ अभ्यास. रॉल्फ पीटरसन १९७० मध्ये विद्यार्थी म्हणून आले ते बेटाचेच होऊन गेले. दर हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानातून मोजणी होते. २०२१ ला कोविडमुळे झाली नाही. २०२४ ला बर्फ इतका कच्चा होता की लोकांना लवकर बाहेर काढावं लागलं. ज्या बर्फाअभावी लांडगे संपले त्याच बर्फाअभावी आता मोजणारेही अडकतात.

उन्हाळ्यात स्वयंसेवकही घेतात. पैसे भरून जायचं, पायवाट सोडून आठवडाभर जंगलातून मेलेल्या मूसची हाडं शोधायची आणि कवटी-जबडा पाठीवर वाहून आणायचा. या हाडांवरून त्यांनी दाखवलं की पिल्लूपणी उपाशी राहिलेल्या मूसना म्हातारपणी सांधेदुखी जास्त होते. सांधेदुखीवालं मूस लांडग्याला सोपं पडतं.

नाखवा_मालवण

ह्या सांधेदुखीचा वाचून माझ्या आवशीक लांडग्यांपासून जपूक व्हया. :D

गलबत

अवांतर होईल पण राहवत नाही. तिकडे एकोणीस लांडग्यांसाठी वर्षानुवर्षं जनसुनावण्या, आणि आपल्याकडे ग्रेट निकोबार बघा. तिथे कॅम्पबेल बे आणि गलाथिया अशी दोन राष्ट्रीय उद्यानं आहेत, दोन्ही १९९२ ची. लेदरबॅक कासवं जिथे अंडी घालतात त्या गलाथिया खाडीच्या अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये बंदरासाठी काढून घेतला. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायचं आहे. शोंपेन आदिवासी तिथेच राहतात. समुद्राने वेगळं पाडलं म्हणून बेटं वाचतात असं कुणाला वाटत असेल तर...

पुणेरी_पगडी

आता धाग्याला राजकारणाची शिंक येणार.

व्यवस्थापक

ग्रेट निकोबारवर वेगळा धागा काढावा ही विनंती. विषय महत्त्वाचा आहे, इथे हरवून जाईल.

तांबडीमाती

अंदमानावरून आठवलं. आम्ही वंडूरहून जॉली बॉयला गेलो होतो, महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. बोटीत चढण्याआधी पिशव्या तपासून प्लास्टिक काढून घेतात, पाण्याच्या बाटलीवर अनामत ठेवतात. जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं आलटून पालटून उघडतात. आइल रॉयलला असं काही आहे का?

साळुंकी

उत्तम आठवण. आलटून पालटून नाही, पण तपासणी आहे, फक्त ती बरीचशी आपल्यावर सोडलेली आहे.

बूट: घरीच ब्रशने घासून धुवा. तळव्यातल्या चिखलात बाहेरच्या तणांचं बी येतं. बोटीवर चढण्याआधी बूट घासायची सोय असते. लोक ‘हो हो’ म्हणत पुढे जातात, तसं करू नका.

स्वतःची कायाक नेणार असाल तर धुऊन पूर्ण वाळवा. झेब्रा शिंपल्यांनी अमेरिकेतल्या कितीतरी सरोवरांची वाट लावली आहे. बेटाच्या आतल्या तळ्यांत ते पोचू द्यायचे नाहीत.

पाणी: हा मुद्दा पशुवैद्यांनी लिहावा.

दगड: काहीही उचलायचं नाही. इथे कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेला हिरवा दगड मिळतो, क्लोरॅस्ट्रोलाइट, मिशिगनचं राज्यरत्न. बेटावरून एक खडाही नेणं गुन्हा आहे. मुलांचे खिसे तपासा. रानातली थिंबलबेरी मात्र तोडून खाऊ शकता, ऑगस्टमध्ये भरपूर असते आणि आंबटगोड लागते.

शेकोटी: बहुतेक तळांवर मनाई. स्टोव्ह न्या. २०२१ आणि २०२२ मध्ये लागोपाठ वणवे लागले होते.

अन्न: नवे लांडगे तळांच्या आसपास खाण्याच्या वासाने घुटमळू लागले, म्हणून अन्न साठवण्याचे नियम कडक झाले आहेत. निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावरचा ताजा नियम वाचा, मागच्या वर्षीच्या ब्लॉगवर विसंबू नका. लांडगा एकदा माणसाच्या डब्याला सोकावला की शेवटी जीव त्याचाच जातो.

पशुवैद्य

पाण्याबद्दल. बेटावर एकायनोकॉकस नावाची पट्टकृमी आहे. तिचं चक्र लांडगा आणि मूस यांच्यातच फिरतं. लांडग्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात आणि गवतावर, तिथून मूसच्या पोटात, मग मूसच्या फुफ्फुसात गाठी. गाठींनी मूसला दम लागतो, आणि दमलेलं मूस लांडग्याच्या हाती लागतं. लांडग्याने फुफ्फुस खाल्लं की कृमी पुन्हा घरी. कृमीच्या बाजूने पाहिलं तर सगळं बेट तिच्यासाठीच चाललंय.

माणसाने ती अंडी गिळली तर यकृतात गाठी होऊ शकतात. अतिनील दिव्याची पेन किंवा क्लोरीनच्या गोळ्या या अंड्यांवर चालत नाहीत. पाणी खळखळून उकळा, किंवा ०.४ मायक्रॉनचं वा त्याहून बारीक गाळणं वापरा. आणि कडक उन्हाळ्यात आतल्या तळ्यांत निळं-हिरवं शेवाळ येतं. त्याचं विष उकळूनही जात नाही, गाळूनही जात नाही. तसा तवंग दिसला तर ते पाणी घेऊच नका, सुपीरियरचं घ्या.

तांबडीमाती

बापरे. सासूबाई म्हणतील घरूनच हंडा नेऊ.

खाण्याचं काय? आम्ही सगळे शाकाहारी.

रानभूल

फार सोपं आहे. दडपे सोडून सगळे पोहे चालतात. :) भाजलेला रवा, फोडणी घालून वाळवलेली मुगाची खिचडी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी. गूळपोळी सगळ्यात टिकाऊ आणि दोन पोळ्यांत दुपार निघते. कचरा मात्र कणन्‌कण परत न्यायचा, लोणच्याच्या पाकिटासकट.

विमानाने जाणार असाल तर स्टोव्हचं इंधन नेता येत नाही, ते रॉक हार्बर किंवा विंडिगोच्या दुकानातून घ्या. दुकानं लहान आहेत, बाकी काही मिळेल या भरवशावर जाऊ नका.

कधी जायचं? जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास जीव खातात. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरची सुरुवात उत्तम. पोहायचा विचार सोडा, खुल्या सरोवराचं पाणी उन्हाळ्यातही हाडं गोठवतं.

शून्यप्रहर

एक शेवटचं बोलून थांबतो. वाद बाजूला ठेवला तर या उद्यानाची खरी राखण कशाने झाली? लांडग्यांच्या योजनेने नाही, गैरसोयीने. पूल नाही, रस्ता नाही, हिवाळ्यात दार बंद. कुणी मोठ्या वेगवान बोटी किंवा विंडिगोला हॉटेल आणायचा प्रस्ताव मांडला, तर मी लांडगेवाल्यांच्या बरोबरीने विरोधाच्या सह्या गोळा करेन.

साळुंकी

सह्यांच्या यादीत माझं नाव आत्ताच लिहा. आणि म्हणूनच ‘सोपं कसं करता येईल’ असं कुणी विचारलं की मी बोटीचं वेळापत्रक देते आणि गप्प बसते.

नाखव्यांचा मुद्दा मात्र सोडू नका. गैरसोय पाहुण्याची व्हावी, तिथे राहणाऱ्याची नव्हे.

नाखवा_मालवण

ह्या लिहिलास ता बरा केलास.

तांबडीमाती

ऑगस्टचा तिसरा आठवडा पक्का करतेय. सासू-सासरे आणि धाकटा लॉजवर नवऱ्याबरोबर, मी आणि मोठी पुढे दोन मुक्काम डेझी फार्मच्या तळापर्यंत. परवाना आधी काढावा लागतो का?

आणि अजून एक, आमचा मोती. लॅब्रेडॉर. सगळी लसीकरणं झालेली आहेत. बेटावर नाही, पण मित्राच्या बोटीत ठेवला तर?

पशुवैद्य

नाही. बेटावर तर नाहीच, बोटीतही नाही. उद्यानाची हद्द किनाऱ्यापासून साडेचार मैल पाण्यात जाते आणि त्या हद्दीत बोटीवरही कुत्रा चालत नाही. वर १९८० ते ८२ चे आकडे लिहिले आहेत, ते परत वाचा. मोतीला सांभाळणारं कुणीतरी हॉटनला शोधा. ऑगस्टमध्ये अशा जागा लवकर भरतात, बोटीच्या तिकिटाआधी ते बुक करा.

साळुंकी

परवाना: सहापर्यंतच्या गटाला आगाऊ आरक्षण लागत नाही. पोचल्यावर किंवा ‘रेंजर ३’वरच कुठे कधी मुक्काम ते सांगून परवाना घ्यायचा. सात ते दहा जण असाल तरच आधी अर्ज. डेझी फार्म रॉक हार्बरहून साधारण अकरा किलोमीटर आहे, वाट खडकाळ, मुलीच्या पाठीवर जास्त वजन देऊ नका. निवारा हवा असेल तर दुपारी दोनच्या आत पोचा. नाहीतर तंबू लावायची तयारी ठेवा, किंवा कुणाला ‘आत जागा आहे का’ म्हणून विचारा. तिथे लोक सहसा नाही म्हणत नाहीत.